झेव्होदाँच्या श्वापदावर गॉथिक रहस्यकादंबरी लिहितेय, खुनाच्या ठिकाणी अडलेय, मदत हवी

सांजकिरण

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचत असते, आज धागा काढतेय कारण खरंच अडलेय. एक कादंबरी लिहायला घेतलीय, गॉथिक फॅन्टसी आहे पण पोटात खुनाचं रहस्य आहे, आणि छडा लावते ती एक शिकारीण, म्हणजे माणसं खाणारी अघोरी श्वापदं मारणं हाच जिच्या घराण्याचा पिढीजात धंदा अशी बाई.

पार्श्वभूमी खरी घेतलीय. फ्रान्समधला झेव्होदाँ प्रांत, १७६४ ते १७६७. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिणेकडचा डोंगराळ गरीब मुलूख, आज त्यातला बराचसा भाग लोझेर जिल्ह्यात येतो, मार्जरीदचे डोंगर, ग्रॅनाइटचे खडक, जंगल, दलदलीची कुरणं आणि त्यात गुरं राखायला जाणारी पोरं. १७६४ च्या उन्हाळ्यात लांगोन्य गावाजवळ गुरं राखणाऱ्या एका बाईवर काहीतरी धावून आलं, तिच्या बैलांनी शिंगं रोखून ते परतवलं म्हणून ती वाचली. मग ३० जूनला झान बूले ही १४ वर्षांची मुलगी मारली गेली, नोंद झालेला पहिला बळी तो. पुढची तीन वर्षं हे चालूच राहिलं. १९८७ सालच्या एका अभ्यासात २१० हल्ले, ११३ मृत्यू, ४९ जखमी असा हिशोब मांडलाय आणि मेलेल्यांपैकी ९८ जणांची प्रेतं अर्धवट खाल्लेली होती. बहुतेक बायका आणि पोरंच. पंधराव्या लुईनं आधी घोडदळ कामाला लावलं, मग नॉर्मंडीतले नामांकित लांडगेमारे बापलेक आले, मग राजाच्या बंदुका सांभाळणारा खास माणूस फ्राँस्वा आंत्वान आला. आणि शेवटी १९ जून १७६७ ला ते श्वापद मारलं कुणी, तर तिथल्याच एका माणसानं, झाँ शास्तेलनं.

माझ्या गोष्टीत ते श्वापद खरोखर अमानवी आहे, शेवटी "लांडगाच होता हो" असं मला करायचं नाहीये.

आता अडचण. सहाव्या चॅप्टरमध्ये गिरणीवाल्याची थोरली मुलगी ओढ्याकाठी मरून पडलेली सापडते, गळा फाटलेला, सगळं गाव म्हणतं श्वापदानं नेली. खरं म्हणजे तिला माणसानं मारलंय. पण लिहायला बसले की होतं असं की शिकारीण प्रेताजवळ वाकते, वास घेते, म्हणते "हे त्याचं काम नाही", आणि वाचकानं मुकाट्यानं मान डोलवायची. हे मला अजिबात पटत नाहीये. रहस्यकथा म्हटली की जे तिला दिसतं ते वाचकालाही दिसायला हवं, त्यालाही तिच्या आधी ओळखायची संधी हवी. आणि दुसरीकडे जिथे अमानवी प्राणीच खरा आहे तिथे वाचक म्हणणार की इथे काहीही होऊ शकतं, मग पुराव्याला काय अर्थ.

शिवाय दर दोन चॅप्टरनंतर ती भाला घेऊन जंगलात धावायला लागते आणि खुनाचा तपास तिथेच राहतो. तर शिकारी आणि तपास करणारी या दोन्ही गोष्टी एकाच बाईत कशा बसवायच्या, आणि खुनाचं कारण काय द्यावं, हे दोन्ही सांगा. कृपया "सह्याद्रीत का नाही घडवत" असं सुचवू नका, ही घटना तिथली आहे आणि मला ती तिथेच हवीय.

गोठ्यातली_डॉक्टर

ताई, विषय एकदम माझ्या कामातला निघाला म्हणून लगेच लिहितेय. मी पशुवैद्य आहे, जुन्नर बाजूला काम केलंय, तिथे उसात बिबटे किती हे सगळ्यांना माहीतच आहे. शेळी मेली की पंचनामा होतो, कारण वन्यप्राण्यानं मारली असेल तर नुकसानभरपाई मिळते आणि गावच्या कुत्र्यांनी फाडली असेल तर नाही. म्हणजे "हे कुणाचं काम" हा तुमच्या शिकारिणीचा प्रश्न आमच्यासमोर रोजचाच असतो आणि त्याचं उत्तर वास घेऊन मिळत नाही.

आम्ही काय करतो सांगते. वरून बघून काही कळत नाही, केसांत सगळं लपतं. मानेवरचे केस भादरायचे, मग कातडीला चीर देऊन ती हळूहळू सोलत न्यायची आणि आतली बाजू बघायची. जनावर जिवंत असताना दात घुसले असतील तर त्या भोकांच्या भोवती कातडीखाली काळपट लाल रक्त साकळलेलं असतं, मांस सुजल्यासारखं दिसतं. मेल्यावर कुणी येऊन फाडलं असेल तर बाहेरून कितीही भयानक दिसू दे, कातडीखाली फिकट, पिवळट, स्वच्छ. हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही माणूस. बिबट्या गळा धरतो आणि सोडत नाही, त्यामुळे सुळ्यांची खोल भोकं मोजकी आणि एका जागी असतात, कुत्री मात्र मागचे पाय, पार्श्वभाग, कान, जिथे मिळेल तिथे लचके तोडतात, जखमा सगळ्या अंगभर.

आता हे तुमच्या ओढ्याकाठच्या मुलीला लावा. खुन्यानं आधी गळा दाबला किंवा डोक्यात घातलं आणि नंतर श्वापदाचं काम वाटावं म्हणून आकड्यानं किंवा विळ्यानं गळा फाडला, तर गळ्याची जखम कितीही मोठी असली तरी आत रक्त साकळलेलं नसणार, आणि खरं साकळलेलं रक्त सापडेल ते केसांखाली कवटीवर, जिथे कुणी बघितलंच नाही. शिवाय कपडे बघा. दातानं फाटलेल्या कापडाचे धागे ओढले जातात, लोंबतात, पात्यानं कापलं तर धाग्यांची टोकं एका रेषेत. लोकरीच्या जाड कापडावर हे उघड्या डोळ्यांना दिसतं, भिंग नको नि काही नको. आणि जागेवर रक्त किती सांडलंय? गळा जिवंतपणी फाटला तर माती भिजते. तिथली माती कोरडी असेल तर गळा तिथे जिवंतपणी फाटलेलाच नाही.

यात कुठेही जादू लागत नाही आणि १७६५ सालचा माणूस हे सगळं बघू शकतो, मेंढरं कापणाऱ्याला सुद्धा हे माहीत असतं.

तुमच्या वाचकाचं म्हणाल तर एक करा. पहिल्या पाच चॅप्टरमध्ये श्वापदाचे खरे दोन तरी बळी शिकारिणीला तपासू द्या, सावकाश, सगळं दाखवत, भोकांमधलं अंतर ती काठीवर खाच पाडून मोजते वगैरे. कुठून खायला सुरुवात करतं, प्रेत ओढत नेतं का जागेवर खातं, हे वाचकाला पाठ होऊ द्या. मग सहाव्यात फक्त गिरणीवाल्याच्या मुलीचं वर्णन करा आणि तिला काही बोलू देऊ नका. जो नीट वाचतोय तो पानावरच थांबेल.

जुनी_दप्तरं

डॉक्टरांनी फार सुंदर सांगितलंय. मी इतिहासाच्या बाजूनं भर घालतो, हे प्रकरण माझं फार आवडतं आहे आणि मराठीत यावर कुणी कादंबरी लिहितंय हे बघून मनापासून आनंद झाला.

सांजकिरण, तुम्ही खून कोणत्या महिन्यात घडवताय? माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. सप्टेंबर १७६५ च्या तिसऱ्या आठवड्यात आंत्वाननं शाझच्या मठाजवळ एक प्रचंड लांडगा मारला. उंची साधारण ८० सेंटिमीटर, लांबी १.७ मीटर, वजन ६० किलोच्या आसपास. हल्ल्यातून वाचलेल्यांनी त्याच्या अंगावरचे व्रण बघून हाच तो असं सांगितलं, प्रेत पेंढा भरून व्हर्सायला गेलं, आंत्वानला मानसन्मान आणि पैसा मिळाला. सरकारी दृष्टीनं प्रकरण संपलं. मग दोन महिने खरोखर शांतता होती. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला हल्ले पुन्हा सुरू झाले, पण आता राजदरबाराला ते ऐकायचंच नव्हतं कारण श्वापद तर मेलेलं होतं, त्यांच्यासमोर भुसा भरून उभं होतं.

आता तुमचा खून या मधल्या दोन महिन्यांत टाका. ऑक्टोबर १७६५. गळा फाटलेली मुलगी सापडते. गाव म्हणतं ते परत आलं. आंत्वान लांडगा मारल्यावर काही आठवडे त्याच भागात होता, त्याच्या माणसांना हे प्रेत नकोच आहे, कारण श्वापद जिवंत असेल तर त्यांचा विजय खोटा ठरतो. म्हणजे अधिकारी म्हणणार माणसानं मारलं, गाव म्हणणार श्वापदानं मारलं, आणि खरं सांगण्यात कुणालाच रस नाही. शिकारिणीची खरी गोची अशी की खून माणसाचा आहे हे तिनं सिद्ध केलं तर ती आपोआप आंत्वानच्या बाजूची ठरते, गावकरी तिला दारात उभं करणार नाहीत, आणि श्वापद अजून जिवंत आहे हे तिला एकटीला माहीत आहे. मी तर म्हणतो हेच तुमचं पुस्तक आहे.

दुसरं, शास्तेलचं. ऑगस्ट १७६५ मध्ये आंत्वानच्या माणसांनी शास्तेल बापलेकांना विचारलं की ही दलदल ओलांडता येईल का, हे म्हणाले खुशाल जा, जमीन पक्की आहे. घोडेस्वार गेला आणि घोड्यासकट रुतला, हे उभे राहून हसत होते. त्यावरून झटापट झाली, बंदुका रोखल्या गेल्या, आणि तिघांना सोगच्या तुरुंगात टाकलं, आणि आंत्वाननं सांगून ठेवलं की मी हा प्रांत सोडल्याशिवाय यांना सोडू नका. ज्या माणसानं पुढे श्वापद मारलं तो माणूस त्या आधी तुरुंगात होता! विसाव्या शतकात काही लेखकांनी शास्तेलच्या मुलावरच संशय घेतला की हाच पाळीव जनावर सोडून माणसं मारवत होता, सिद्ध काहीच झालेलं नाही, पण तुमच्या गावकऱ्यांच्या तोंडी असा संशय आला तर वाचक हमखास तिकडे वळेल.

खुनाचं कारण विचारलंय. एक देतो, घ्यायचं तर घ्या. फ्रान्समध्ये १५५६ च्या सुमाराला दुसरा आंरी या राजानं एक हुकूम काढला होता, अविवाहित किंवा विधवा बाईला दिवस गेले तर तिनं ते अधिकाऱ्यापुढे नोंदवायचं, लपवलं आणि मूल दगावलं तर बालहत्येचा आरोप, शिक्षा मृत्यूची. अठराव्या शतकातही तो लागू होता, चर्चमध्ये वेळोवेळी वाचून दाखवत असत. आणि त्या जबाबात बहुतेकदा बापाचं नाव घेतलेलं असे. म्हणजे तुमच्या गिरणीवाल्याच्या मुलीनं मरण्याच्या आठवडाभर आधी जाऊन एक जबाब लिहून दिलाय, तो कागद कुठेतरी कपाटात आहे, त्यावर एक नाव आहे. शिकारिणीला वाचता येत नसेल तर अजून चांगलं, तिला कुणावर तरी विश्वास ठेवून तो वाचून घ्यावा लागेल, आणि वाचणारा खरं वाचतोय का हे तिला कसं कळणार.

काळोखवेडा

वरच्या दोघांना +१ पण मला एक भीती वाटतेय ती बोलतो. सगळ्यांनी मिळून हिची फॅन्टसी काढून घेऊ नका रे. पंचनामे, कागद, कातडी सोलणं हे सगळं भारी आहे, पण मग ते श्वापद उरतं कशाला? नुसतं खुन्याला लपायला आडोसा म्हणून? मी गॉथिक वाचतो ते त्या दुसऱ्या गोष्टीसाठी, जी तर्काच्या पलीकडे आहे आणि दाराबाहेर उभी आहे.

माझं म्हणणं असं की श्वापदाला साक्षीदार करा. खून झाला तेव्हा ते तिथेच होतं. त्यानं बघितलं. तुमच्या जगात शिकारिणीच्या घराण्याला श्वापदाकडून काहीतरी काढून घेता येत असेल, समजा ते ज्याला बघतं त्याचा आवाज त्याला काढता येतो, बस एवढंच, बाकी काही नाही. पहिल्या चॅप्टरपासून ते मेलेल्या पोरांच्या आवाजात जंगलातून हाका मारतंय, गाव दारं लावून बसलंय. आणि ओढ्याकाठच्या खुनानंतर ते एका जिवंत माणसाच्या आवाजात बोलायला लागतं. गावात कुणालाच कळत नाही हा आवाज कुणाचा, कारण तो माणूस असा कुजबुजत, गयावया करत गावात कुणाशी कधी बोललेलाच नाही, तो फक्त त्या मुलीशी तसा बोलला होता. म्हणजे बघा, शिकार आणि तपास हे दोन वेगळे धागे राहतच नाहीत, जंगलात भाला घेऊन जाणं म्हणजेच साक्ष नोंदवायला जाणं, आणि श्वापदाला लगेच मारणं तिला परवडतच नाही, मारलं तर एकुलता एक साक्षीदार गेला.

"मग काहीही होऊ शकतं" याला एकच उत्तर, अमानवी गोष्टीचे नियम माणसांच्या नियमांपेक्षा कडक ठेवा आणि खून व्हायच्या आधी सगळे सांगून टाका. नंतर एकही नवीन शक्ती नको. भिंतीतून जात नाही म्हटलं ना, मग शेवटपर्यंत जात नाही.

आणि तुमच्या शिकारिणीच्या वागण्यासाठी एक खरा नमुना आहे. झेव्होदाँच्या तीसेक वर्षं आधी, १७३२ मध्ये, सर्बियातल्या मेद्वेद्या गावात रक्तपिपासू प्रेतांचा बोभाटा झाला तेव्हा ऑस्ट्रियन सैन्याचा शल्यचिकित्सक फ्ल्युकिंगर तिथे गेला आणि कबरी उघडून एकेका प्रेताची नोंद केली, वय किती, पुरून किती दिवस झाले, आत रक्त कसं होतं, कातडी कशी होती. तो अहवाल वाचताना अंगावर येतो कारण भाषा एकदम कोरडी आहे आणि जे लिहिलंय ते भयंकर आहे. मग १७५५ मध्ये मोरावियाकडे असंच प्रकरण झालं तेव्हा ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसानं आपला राजवैद्य खेरार्ड फान स्वीटेन याच्याकडे ते सोपवलं, त्यानं सांगितलं हे सगळं अज्ञान आहे, आणि राणीनं कबरी उकरून प्रेतं जाळण्यावर बंदी घातली. म्हणजे एकाच काळात नोंद करणारा, खोडून काढणारा आणि भाला घेऊन जाणारा असे तिघंही होते. तुमच्या बाईच्या झोळीत एक वही द्या. प्रत्येक बळीची नोंद, फ्ल्युकिंगरसारखी, कोरडी. चॅप्टरच्या सुरुवातीला एकेक नोंद टाका. मग गिरणीवाल्याच्या मुलीची नोंद येईल तेव्हा वाचक स्वतः मागची पानं उलटून ताडून बघेल.

अजून एक, योगायोग म्हणा काय म्हणा, इंग्रजीतली पहिली गॉथिक कादंबरी जिला म्हणतात ती लंडनमध्ये डिसेंबर १७६४ मध्येच बाहेर आली, ज्या महिन्यात झेव्होदाँतल्याच मांद गावच्या बिशपनं हे श्वापद म्हणजे देवाचा कोप आहे असं पत्रक काढून चर्चमधून वाचायला लावलं. ३१ डिसेंबर १७६४ ची तारीख आहे त्यावर. मला तर हे वाचून शहारा आला होता.

सांजकिरण

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी झोप उडवलीय! आवाजाची कल्पना मी घेतेय, काळोखवेडा, तुमची परवानगी आहे असं धरते. ऑक्टोबर १७६५ पण नक्की. मला हे कसं सुचलं नाही असं वाटण्यापेक्षा आता लिहायला कधी बसते असं झालंय.

जुनी_दप्तरं, तो हुकूम वाचून खूप वेळ शांत बसले. त्या मुलीनं भीतीपोटी कायदा पाळला आणि कायदा पाळला म्हणून ती मेली. आतापर्यंत ती माझ्यासाठी फक्त सहाव्या चॅप्टरमधलं प्रेत होती, आता तिला पहिल्या चॅप्टरपासून आणावं लागेल, चालती बोलती.

एक शंका. शेवटी शास्तेलच्या बंदुकीत चांदीची गोळी ठेवू का? सगळीकडे वाचलंय की त्यानं माता मेरीची पदकं वितळवून गोळी केली होती.

जुनी_दप्तरं

नका ठेवू असं मी म्हणेन. त्या काळच्या कागदांत तसं काही नाही, ती भर फार नंतरची, विसाव्या शतकातल्या कथाकारांची. खरं जे आहे ते यापेक्षा किती जबर आहे बघा. मार्कीस दाप्शे नावाच्या तरुण सरदारानं स्वतः शिकारीचा हाका काढला होता, त्यात शास्तेलनं गोळी घातली. प्रेत सरदाराच्या गढीत नेलं, तिथे मारँ नावाच्या नोटरीनं मोजमापं लिहून घेतली, दात किती, पाय किती, सगळं. तो कागद मग कुठल्या तरी दप्तरात पडून राहिला आणि थेट १९५८ मध्ये सापडला! आणि प्रेत? ते दरबारी दाखवायला उत्तरेकडे पाठवलं, जूनजुलैच्या उन्हात सडलं, आणि पुरून टाकावं लागलं. म्हणजे हातात फक्त कागद उरला, प्रत्यक्ष काही नाही. आंत्वानला हजारो लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मिळाले होते, शास्तेलला मिळाले ७२. तुमच्या शेवटासाठी एवढं पुरेसं नाही का?

पारिजात७

मी लिहीत वगैरे नाही, वाचक आहे फक्त, पण एक सांगावंसं वाटलं. त्या झान बूलेबद्दल वाचलं होतं, तिला शेवटचे धर्मसंस्कार न होताच पुरलं कारण ते करायला वेळच मिळाला नाही, आणि चर्चच्या नोंदीत तेवढं एक वाक्य. चौदा वर्षांची. ती खरी होती ना. अशी जी खरी नावं आहेत त्यांचं काय करणार तुम्ही? मला वाटतं गोष्टीतली माणसं तुम्ही तयार करा, पण खऱ्या मुलांना फक्त भीतीदायक वातावरण व्हावं म्हणून वापरू नका. उलट जी लढली त्यांना जागा द्या. झाक पोर्तफे, जानेवारी १७६५, त्यानं आणि बरोबरच्या पोरांनी काठ्यांना पाती बांधून त्या श्वापदाला हुसकावलं, श्वापदानं एकाला तोंडात धरून दलदलीत नेलं तरी ही पोरं पळाली नाहीत, मागे गेली आणि सोडवून आणलं. राजानं त्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च केला. आणि ऑगस्टमधली ती मारी-झान व्हाले, ओढा ओलांडताना अंगावर आलं तर तिनं सरळ छातीत भाला खुपसला. आज तिथे ओव्हेर गावात तिचा पुतळा आहे. तुमच्या शिकारिणीनं भाला धरायला कुणाकडून शिकावं हा प्रश्न असेल तर हिच्याकडून शिकू दे, गावातल्या पोरीकडून. पिढीजात धंदेवाल्या बाईला या मुलीकडून काहीतरी कळतं हे मला वाचायला आवडेल.

काळोखवेडा

पारिजात, अगदी मनातलं. आणि त्यात अजून एक गोष्ट लपलीय. मोठे मोठे शिकारी हरले, हजारो माणसांचे हाके हरले, काही शिपायांना बायकांचे कपडे घालून पाठवलं तेही हरलं, आणि टिकून राहिल्या त्या गुरं राखणाऱ्या पोरी कारण त्यांना रोज तिथे जाणं भागच होतं. खुनी सापडण्याच्या दृष्टीनं बघा, ओढ्यावर कोण कधी येतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? अधिकारी त्यांना विचारणारच नाहीत. शिकारीण विचारेल.

सांजकिरण

पारिजात, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. खऱ्या बळींची नावं फक्त वहीतल्या नोंदीत येतील, त्यांच्या मरणाचं वर्णन करणार नाही, वही मिटली की शिकारीण नाव एकदा म्हणते एवढंच. गिरणीवाल्याची मुलगी आणि तिचा खुनी हे माझे. पोर्तफे आणि व्हाले गावात बोलले जातील. व्हाले तर ऑगस्टमध्ये लढलीय आणि माझा खून ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दोघींची भेट सहज होऊ शकते.

डॉक्टर, शेवटचा एक प्रश्न. ऑक्टोबरअखेर त्या उंचीवर रात्री चांगलंच गोठत असणार. मुलगी पहाटे सापडते, सगळीकडे पांढरं झालेलं आहे. खुन्यानं तिला दुसरीकडे मारून रात्रीतून ओढ्याकाठी आणून टाकलंय. ही गोष्ट शिकारिणीला प्रेत न उघडता, गर्दीसमोर, दोन मिनिटांत कळू शकेल का? कारण बापच कातडीला हात लावू देणार नाही.

गोठ्यातली_डॉक्टर

कळेल की. दोन गोष्टी करा, दोन्ही अगदी साध्या आहेत.

एक, प्रेत उचलताना तिला खालची जमीन बघू दे. गोठायच्या आधीपासून मुलगी तिथे पडलेली असती तर अंगाखालचं गवत हिरवं, ओलसर राहिलं असतं आणि पांढरं फक्त भोवती आणि तिच्या कपड्यांच्या वरच्या बाजूला. तिला उशिरा आणून टाकली असेल तर अंगाखालीही गवत पांढरं, चुरडलेलं. वाचकाला हे "उचलली, खाली गवत पांढरं होतं" एवढ्या अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जा, थांबू नका.

दोन, हृदय थांबलं की रक्त खाली उतरतं आणि अंगाची जी बाजू जमिनीला असेल तिथे जांभळट डाग पडतात, जिथे वजन पडतं तेवढी जागा मात्र पांढरी राहते. साधारण ८ ते १२ तासांत तो डाग पक्का बसतो, मग प्रेत कसंही फिरवा, तो हलत नाही. थंडीत थोडं पुढे मागे होईल. मुलगी पालथी सापडते, पण बायका तिला आंघोळ घालताना बघतात की जांभळे डाग पाठीवर आहेत, आणि मध्ये आडव्या पांढऱ्या पट्ट्या, सारख्या अंतरावर. म्हणजे मेल्यावर ती कितीतरी तास उताणी, कशावर तरी पडून होती, फळ्यांवर किंवा शिडीवर किंवा गाडीच्या तळावर. कातडीला हात लावायला बाप नाही म्हणेल, पण आंघोळ घालणाऱ्या बायकांत शिकारिणीला कुणी अडवणार नाही. फक्त मग मरणाची वेळ आदल्या दुपारची धरा, नाहीतर डाग बसायला वेळ पुरणार नाही, आणि आदल्या दुपारी गावात कुणाची गाडी जागेवर नव्हती हे गुराखी पोरींना विचारता येईल.

सहावा चॅप्टर नव्यानं लिहून झाला की इथे टाका किंवा मला निरोप करा, जखमांचं वर्णन मी तपासून देईन.